फॅमिली सेक्शन मागच्या बाजूला

‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ अशी पाटी लावणाऱ्या हॉटेलमालकांनी कुटुंबाची मोजणी फार पूर्वी करून ठेवलीय, आणि ती चुकलीय. नवरा, बायको आणि दोन लेकरं. त्यापलीकडं कुटुंब नसतंच असं धरून केबिन बांधल्या जातात. समोरासमोर दोन बाकडी, मधे सनमायकाचं टेबल, पुढं पडदा. आमच्या घरी भाऊबीजेला अकरा माणसं जमतात. आई, आत्या, दादा-वहिनी, धाकटा भाऊ आणि त्याची बायको, मी आणि आमचे हे, दादाची दोन पोरं आणि माझी मुलगी. ही सगळी एका वेळी एका गावात वर्षातनं एकदाच असतात. त्यांना एका टेबलाभोवती दोन-तीन तास बसता यावं, एकमेकांचं बोलणं ऐकू यावं, ज्याला बिअर घ्यायची त्यानं ती घ्यावी, ज्याला भाकरी खायची त्यानं भाकरी खावी, एवढी जागा मला हवीय. ती मिळत नाही. पाऊस आणि कापसाचा भाव यांच्यापुढं ही तक्रार लहान आहे हे मी जाणते. पण ती खरी आहे आणि कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय.

माझं माहेर हसनाबाद. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, राजूरच्या गणपतीच्या वाटेवरचं म्हटलं की लोकांना ठिकाण कळतं. दादा शेती करतो, धाकटा चाकणला कंपनीत आहे, मी छत्रपती संभाजीनगरला. जागेचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं येतं, ‘घरीच बसा की. एवढं घर असताना हॉटेल कशाला?’

घरी बसलं की वहिनी बसत नाही, म्हणून. अकरा माणसांचं जेवण म्हणजे भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी. काळ्या मसाल्याचं मटण असेल तर दुपारपासून वाटण. पुरणाचा बेत असेल तर त्याहून जास्त. ती बसते ती सगळ्यांची ताटं उचलल्यावर, आणि तेव्हा अर्धी माणसं अंथरुणावर असतात. आई सत्तरी ओलांडूनही मधेच उठून चुलीपाशी जाते. धाकट्याची बायको वर्षातनं चार दिवस येते, ते चारही दिवस ओट्याशी. वहिनीशी समोरासमोर बसून सलग बोलल्याचं मला आठवत नाही. आमचं जे बोलणं झालंय ते तिच्या पाठीशी झालंय.

आणि पुरुष? अंधार पडला की दादा, धाकटा आणि आमचे हे ‘जरा शेतात चक्कर मारून येतो’ म्हणत निघतात. गाडीच्या डिकीत काय आहे ते आईसकट सगळ्यांना ठाऊक असतं. शेतातल्या आखाड्यावर, विहिरीच्या बाजूला, मोबाइलच्या उजेडात बसून ते पितात, फरसाण खातात, आणि भावाभावांत जे बोलायचं ते तिथं बोलतात. दादावर सोसायटीचं कर्ज किती, धाकट्याची नोकरी टिकणार का, वडलांच्या नावावरच्या जमिनीचं पुढं काय करायचं. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी कळतं. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि केंद्रानं 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. कागदावर माझी सही लागते. पण त्या जमिनीचं पहिलं बोलणं जिथं होतं त्या आखाड्यावर रात्री आठ वाजता मला कुणी बोलावत नाही, आणि मी जाऊही शकत नाही. भाऊ वाईट नाहीत. त्यांना बहिणीपासून काही लपवायचंही नसतं. फक्त त्यांना ग्लास हातात घेऊन मोकळं बोलता येतं आणि ते आईपुढं, घरात, चालत नाही. संध्याकाळी सातनंतर आमच्या एका कुटुंबाची दोन होतात, पिणाऱ्यांचं आणि रांधणाऱ्यांचं. मला ती दोन एका टेबलावर हवीत.

मी दारूची बाजू मांडत नाहीये. दारूनं उठलेली घरं मी पाहिलीत, आमच्या भावकीतही आहेत. 2008 च्या शासन आदेशानं गावातल्या बायकांना दारूचं दुकान मतदानानं बंद करायचा हक्क दिला. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. केवळ मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, एकूण यादीतल्या निम्म्याहून जास्त. इतकी कठीण अट पुरी करून ज्या गावांनी बाटली आडवी केली त्या बायकांना माझा मान आहे. माझ्या गावात तसं मतदान झालं तर देशी दारूच्या दुकानाविरुद्ध माझं मत आडव्या बाटलीला असेल. पण दुकानासमोर उभ्यानं पिणं, आखाड्यावर अंधारात पिणं आणि आईच्या शेजारी बसून दोन ग्लास बिअर जेवणाबरोबर घेणं, या तिन्ही गोष्टी एक नव्हेत. दादाचा थोरला आता 22 वर्षांचा आहे. राज्याच्या कायद्यानं त्याला बिअर 21 नंतर चालते, व्हिस्की-रमसारखं कडक मद्य 25 नंतर. त्यानं पहिली बिअर मित्रांबरोबर कुठल्या तरी पुलाखाली घ्यावी, की बापाच्या आणि आजीच्या समोर, मोजून, जेवता जेवता घ्यावी? माझं उत्तर मला स्वच्छ दिसतं.

तर आम्ही शोधतो. हसनाबादहून राजूर, भोकरदन, जालना, दुसऱ्या अंगानं फुलंब्री. पाट्या भरपूर आहेत. पाटीवर काय असावं याचा सरकारनंही विचार केलाय. 2022 च्या दुरुस्तीनं मद्य मिळणाऱ्या ठिकाणाला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही, आणि नाव ठळक मराठीत लागतं. चांगलंच झालं. माझी अडचण पाटीच्या आतली आहे.

दारातून आत पाऊल टाकलं की हॉलमधली सगळी डोकी वळतात. काउंटरवरचा माणूस घाईनं उठून हात करतो, ‘ताई, फॅमिली मागं. मागून या.’ त्यात अपमानाचा हेतू नसतो, त्याला आमची काळजीच असते. मग आम्ही, आईला हाताला धरून, बेसिनवरून, भटारखान्याच्या दारावरून, रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटवरून मागच्या बाजूला जातो. फॅमिली सेक्शन मागच्याच बाजूला का? पुढच्या, खिडकी असलेल्या, हवा येणाऱ्या जागेवर एकेकटे बसलेले पुरुष, आणि म्हातारी आई तेलाच्या धुराशेजारी. हे एका हॉटेलातलं नाही. ज्या ज्या ठिकाणी गेलो तिथं जवळजवळ हेच.

मागं केबिन. एका केबिनमध्ये दाटीनं सहा. ‘सहा इकडं बसा, पाच तिकडं.’ म्हणजे ज्यासाठी घरातनं निघालो तेच प्लायवूडनं पुन्हा तोडलं. ती प्लायवूडची भिंत छतापर्यंत जात नाही, त्यामुळं शेजारच्या केबिनमधल्या अनोळखी माणसाचा फोन आपल्याला पूर्ण ऐकू येतो आणि आपला भाऊ पलीकडं काय म्हणाला ते कळत नाही. पडदा सतत ओढलेला. पोरं विचारतात, आपण लपून का बसलोय? त्या प्रश्नाला उत्तर आहे, ते जरा जुनं आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आजही, महाराष्ट्राच्या नावानं, लागू आहे. मुळात सगळ्यांना बंदी, आणि ज्याच्याजवळ परवाना त्याला सूट, अशी त्याची रचना. आजही प्यायचा परवाना असतो, एका दिवसाचाही मिळतो. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये मुंबई राज्यात आलो, त्यानंतर तो कायदा आणि ती नजर आपल्याकडंही पोचली. पिणारा माणूस हा सूट दिलेला गुन्हेगार, त्याला खोलीत बसवा, पडदा ओढा, दिवा मंद ठेवा. माझं मत असं, की आपल्या परमिट रूमचा अंधार हा त्या नजरेतनं आलाय. बायका-पोरं आत यायला लागली तेव्हा अंधार काढायला हवा होता. त्याऐवजी त्यांनाही एक पडदा दिला.

आता आवाजाबद्दल. हाच माझ्या तक्रारीचा गाभा आहे.

हॉलमध्ये टीव्ही, त्यावर क्रिकेट किंवा बातम्या. टीव्ही चालू असतानाच स्पीकरवर गाणी. त्यात भटारखान्याचा एक्झॉस्ट पंखा, स्टीलची भांडी आपटणं, वीज गेली की जनरेटर. वर पीव्हीसीचं छत, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींनाही टाइल्स, टेबलाला ग्रॅनाइट किंवा काच. पुसायला सोपं म्हणून हे सगळं करतात, आणि तो त्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण कडक पृष्ठभाग आवाज शोषत नाही, परत फेकतो. कापड, गादी, जाड पडदा आवाज पितात, आणि यातलं तिथं काहीच नसतं. केबिनचा तो पातळ पडदा सोडून. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं 1911 साली लिहून ठेवलंय, की भोवती आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. हॉटेलात नेमकं हेच होतं. गाणी मोठी म्हणून पहिलं टेबल मोठ्यानं बोलतं, त्याच्यामुळं दुसरं, त्या दोघांमुळं काउंटरवाला गाणी आणखी वाढवतो. नऊ वाजेपर्यंत सगळा हॉल ओरडत असतो आणि कुणाचंच भांडण नसतं.

‘आवाज जरा कमी करता का’ म्हटलं की वेटर लगेच कमी करतो. आपल्याकडचे वेटर भले असतात. पण रिमोट काउंटरवर असतो आणि पाच मिनिटांत आवाज पुन्हा होता तिथं. दुसऱ्यांदा सांगितलं की ‘गिऱ्हाईकाची फर्माइश आहे ताई’. गिऱ्हाईक आम्हीही आहोत, अकरा आहोत, पण आमची फर्माइश शांततेची असल्यामुळं ती फर्माइश धरली जात नाही.

आत्याच्या कानाला मशीन आहे. ज्यांच्या घरात ते आहे त्यांना मी काय सांगते ते कळेल. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. माणसाचा करतं, तसा पंख्याचा, ताटाचा, स्पीकरचाही करतं. निरोगी कान गोंगाटातून ओळखीचा आवाज निवडून घेतो, वय झालं की ती निवडच आधी जाते. शांत खोलीत आत्याला सगळं समजतं, ती उत्तरंही तिखट देते. गेल्या खेपेला हॉटेलात बसलो तेव्हा तिनं दोनदा विचारलं, ‘कामून वरडायलेत एवढं?’ मग तिनं मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं, आणि उरलेला वेळ आमच्याकडं बघून हसत पापड खात बसली. बिल आलं तेव्हा तिला वाटलं जेवण आत्ता यायचंय.

हीच आत्या 1972 च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला होती. सुकडी कशी मिळायची, लाल मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची, गुरं कुणी कुठं सोडली, हे ती सांगते. माझ्या मुलीला ते तिच्या तोंडून ऐकायचंय, तिनं मोबाइलमध्ये उतरवायचं ठरवलं होतं. घरी आत्या सांगायला बसली की कुणीतरी चहा मागतं. हॉटेलात बसली की तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. मोबाइलमध्ये जे उतरलं त्यात एक सिनेमातलं गाणं आणि ‘दोन तंदुरी, एक बटर’ एवढंच स्पष्ट आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, व्यापारी भागात 65 आणि 55. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. हे नियम शेजाऱ्याला वाचवतात. बंदिस्त जागेच्या आतल्या स्पीकरला त्यात सूट आहे, म्हणजे पैसे देऊन आत बसलेल्या माणसाच्या कानांचा वाली कुणी नाही. साधं बोलणं साठेक डेसिबलचं असतं. हॉटेलातलं गाणं त्याच्या खाली ठेवा, एवढं सांगायला कायदा लागू नये असं मला वाटतं.

धाब्याचं थोडक्यात सांगते. हवा चांगली, शेवभाजी चांगली, खाटेवर आई आडवीही होऊ शकते. पण रस्ता दहा पावलांवर, ट्रकचे हॉर्न, आणि रविवारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा साउंड. शिवाय परवाना नसतो. ‘बाहेरून आणा, गिलास आम्ही देतो’ म्हणतात. ते बेकायदा आहे आणि आईला घेऊन मी तसं बसणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं 15 डिसेंबर 2016 ला महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद करायला सांगितलं, नंतर 20,000 पर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर 220 मीटर केलं. पुढं त्यात सवलती येत गेल्या. रस्त्यावर माणसं मरतात म्हणून तो निकाल आला होता आणि तो मला पटलेला आहे. त्यानं खरं म्हणजे चांगली संधी दिली होती. रस्ता सोडून आत, झाडाखाली, शांत जागी या. फार थोड्यांनी ती तशी घेतली. बाकीच्यांनी मीटर मोजले.

शहरात जा, असंही लोक सुचवतात. संभाजीनगरला ठिकाणं आहेत, स्वच्छ आहेत, बायकांसाठी नीट टॉयलेट आहे. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते, कारण आमच्याकडच्या हॉटेलांत बायकांनी पाणी कमी पिऊन जायची रीत पडलीय. पण तिथला आवाज गावाहून मोठा, अंधार गावाहून गडद आणि मेन्यूकार्ड आईला वाचता येत नाही. आणि परत यायचं कसं? रक्तात 100 मिलिलिटरमागं 30 मिलिग्रॅमच्या वर मद्य असलं की गाडी चालवणं गुन्हा, 2019 पासून पहिल्या वेळेलाच 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंड नसता तरी रात्री त्या रस्त्यानं अकरा माणसं घेऊन प्यालेला माणूस गाडी चालवणार नाही, हे आमच्यात ठरलेलं आहे. म्हणून जागा गावाजवळ हवी, रिक्षानं जाता येईल अशी.

मला सगळ्यात लागतं ते याचं, की माल आपल्याकडचाच आहे. संभाजीनगरच्या वाळूज भागात देशातल्या मोठ्या कंपन्यांच्या बिअरच्या ब्रुअरी आहेत. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या कारखान्यांच्या पाण्यात कपात करायचा आदेश द्यावा लागला. इतकी ती तहान आणि हा धंदा एकमेकांना भिडलेले आहेत. आमच्या मुलखाचं पाणी त्या बाटलीत जातं, कर सरकारला जातो, रिकाम्या बाटल्या बांधावर येतात. त्या बाटलीबरोबर माणसांनी नीट बसावं अशी जागा मात्र आमच्या वाट्याला येत नाही.

गोव्यात ती आहे. कुठल्याही लहान गावात ‘बार अँड रेस्टॉरंट’ असतं, समोर उजेडात चार टेबलं. आजी मासळीचं जेवण जेवते, आजोबा फेणी घेतात, नात लिंबूसोडा पिते, कुणी मान वळवून बघत नाही. तिथं आम्ही गेलो तेव्हा वहिनी पहिल्यांदा शेवटपर्यंत टेबलावर बसली होती. आईनं दादाला सगळ्यांसमोर विचारलं, ‘किती घेतोस रे तू रोज?’ आणि दादानं खरं सांगितलं. आखाड्यावर हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही.

मालकांची बाजू मी ऐकलीय. एका हॉटेलवाल्या दादांशी मी सकाळी, गिऱ्हाईक नसताना, नीट बोलले. ते म्हणाले, ताई, परवान्याची फी वर्षाला भरायची, 2023 च्या नोव्हेंबरपासून दारूवरचा व्हॅट 5 वरून 10 टक्के झाला, 2025 मध्ये उत्पादन शुल्क वाढलं. पटकन पिऊन उठणारी माणसं मला परवडतात. तुम्ही तीन तास बसणार, चार बिअर घेणार, अकरा जणं भाकरी खाणार. टेबल अडतं. त्यांचं गणित खोटं नाही.

पण दुपारी तीन ते संध्याकाळी सात त्यांचा हॉल रिकामा असतो. मी विचारलं तेव्हा टीव्ही रिकाम्या खुर्च्यांपुढं चालू होता. मी म्हटलं, या चार तासांत आम्हाला पुढचा हॉल द्या, मागचा नको. टेबलं जोडून द्या. टीव्ही आणि गाणी दोन्ही बंद, पंखा चालेल. पडदे वर बांधा, खिडक्या उघडा. टॉयलेटला कडी आणि पाणी. भाकरी गरम येऊ द्या, भले एकेक येऊ द्या. खुर्च्यांचे पैसे वेगळे लावा, आगाऊ देते, दारूचं आणि जेवणाचं बिल वेगळं करा म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

ते विचार करतो म्हणाले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचं मी त्यांच्या वहीत लिहून घेतलंय, दुपारी तीन, अकरा माणसं, आणि खाली माझ्या हातानं ‘आवाज बंद’. दादाला सांगितलंय, आखाड्यावर जायचं असेल तर आदल्या दिवशी जा. जमिनीचं बोलणं यंदा टेबलावर करायचंय, आणि आत्याच्या मशीनला नवा सेल मी आणतेय.